जुन्या पीसीला आधी मोजा, मग स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या

ऑफिसातला कॉम्प्युटर हळू झालाय हे वर्षभर सगळ्यांना माहीत असतं, पण ते खुपतं ठरावीक दिवशीच. जीएसटीच्या ११ तारखेला, २० तारखेला, आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात रिटर्नची मुदत डोक्यावर आली की. सदाशिव-नारायण पेठेतली सीए ऑफिसं, अप्पा बळवंत चौकाजवळचे डीटीपीवाले, भोसरीच्या वर्कशॉपमधल्या काचेच्या केबिनी, सगळीकडे आठ-दहा वर्षांची मशिनं अजून रोजचं काम ओढताहेत. मालकाचं म्हणणं ठरलेलं: "चालतंय ना, मग कशाला बदलायचं?" अकाउंट्सच्या मॅडमचं म्हणणंही ठरलेलं: "चालतंय कुठे? मी बटण दाबून चहा घेऊन येते." दोघांचंही खरं असतं.

टॅली, एक्सेल, ब्राउझर आणि ईमेल एवढ्याच कामासाठी २०१३ सालचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसरसुद्धा पुरतो. दोष बहुतेक वेळा प्रोसेसरचा नसतो. तो असतो हार्ड डिस्कचा, नाहीतर रॅमचा, साचलेल्या धुळीचा किंवा भिंतीतून येणाऱ्या विजेचा. यातलं नेमकं काय, हे न बघता पैसे घातले की डिस्क मरायला टेकलेल्या मशिनमध्ये नवी रॅम बसते आणि पीसी होता तिथेच राहतो. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो शक्यतो मोडू नका.

दिवस कोणता आणि वही कुठे

मुदतीच्या आधीच्या आठवड्यात चालत्या मशिनला हात लावायचा नाही. महिन्याच्या २१ तारखेनंतरचे दिवस बरे. भोसरी-पिंपरीकडे गुरुवारी सुट्टी असते, तो दिवस सोयीचा वाटतो. पण महावितरणची देखभालीची कामंही गुरुवारीच निघतात. वीज नसेल तर ब्लोअर कशावर चालवणार, एवढं आधी विचारून ठेवा.

प्रत्येक मशिनला एक नंबर द्या आणि वहीत एक पान द्या. प्रोसेसर कोणत्या पिढीचा, रॅम किती आणि कोणती, डिस्क कोणती, विंडोज ३२-बिट की ६४-बिट, कोणतं डोंगल (काही सॉफ्टवेअर चालण्यासाठी लावावी लागणारी यूएसबी किल्ली) लागतं, यूपीएसची बॅटरी कधी बदलली. यातलं बरंचसं टास्क मॅनेजर आणि सेटिंग्जमधल्या 'अबाउट' पानावर दिसतं. ही वही नसली की दर वेळी नवा माणूस येतो, कॅबिनेट उघडतो आणि पहिल्यापासून शोधाशोध करतो. त्या वेळेचेही पैसे आपणच देतो.

बॅकअप, आणि फॉरमॅटच्या आधी विसरल्या जाणाऱ्या गोष्टी

"डी ड्राइव्हमध्ये आहे सगळं" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. डी ड्राइव्ह ही बहुतेक वेळा त्याच डिस्कची दुसरी फाळणी असते. डिस्क गेली की सी आणि डी दोन्ही एकदमच जातात. बॅकअप म्हणजे वेगळ्या वस्तूवर ठेवलेली प्रत: बाहेरची हार्ड डिस्क, दुसरा पीसी किंवा क्लाउड. त्यातली एक तरी प्रत ऑफिसच्या बाहेर, कुणाच्या तरी घरी असावी.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स ही फोल्डरं सगळ्यांना आठवतात. राहून जातं ते पुढचं. आउटलुक वापरत असाल तर जुन्या मेलची फाइल सी ड्राइव्हमध्ये आत कुठेतरी दडलेली असते. ब्राउझरमधले बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड राहतात. डीटीपीवाल्यांचे जुने, युनिकोड नसलेले मराठी फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये असतात. ते गेले तर दहा वर्षांच्या लग्नपत्रिका उघडल्यावर नुसती अगम्य अक्षरं दिसतात. जुन्या लेझर प्रिंटरच्या ड्रायव्हरची फाइलही बाजूला काढून ठेवा. मिळते ती नेटवर, पण शोधताना भलत्याच साइटवरून भलतंच काहीतरी उतरतं.

टॅलीचं मात्र वेगळं लक्षात ठेवा. टॅलीचा परवाना त्या मशिनच्या हार्डवेअरशी बांधलेला असतो. फॉरमॅट करण्याआधी किंवा डिस्क बदलण्याआधी टॅलीच्या मेन्यूतून परवाना 'सरेंडर' करा, काम झाल्यावर पुन्हा चालू करा. हे राहिलं तर ऐन वेळी टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडतं आणि मग टॅलीवाल्या पार्टनरला फोन लावत बसावं लागतं. डिजिटल सहीचं प्रमाणपत्र यूएसबी टोकनमध्ये असतं, त्यामुळे फॉरमॅटने ते जात नाही. पण टोकनचा ड्रायव्हर आणि जीएसटी पोर्टलला लागणारं सहीचं सॉफ्टवेअर, एमसाइनर, पुन्हा टाकावं लागतं.

आता मोजा

सकाळी पीसी चालू केल्यावर पाचेक मिनिटं थांबा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. 'परफॉर्मन्स' या टॅबवर जा. इथे चार गोष्टी बघायच्या.

पहिली डिस्क. आलेख १०० टक्क्यांवर चिकटलाय आणि खाली वाचण्या-लिहिण्याचा वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबीच दिसतोय, असं असेल तर निदान झालं. डिस्क जीव तोडून पळतेय आणि हाती काही लागत नाहीये.

दुसरी मेमरी. रोजचं सगळं उघडा: टॅली, एक्सेलच्या चार फाइली, ब्राउझरचे दहा टॅब. वापर ८५ टक्क्यांच्या वर राहिला तर रॅम कमी आहे. याच पानावर रॅमचे किती स्लॉट भरलेत तेही लिहिलेलं असतं.

तिसरी प्रोसेसर. काम चालू असताना त्याचा वेग एक गिगाहर्ट्झच्याही खाली अडकून बसला असेल, तर तो तापलाय किंवा त्याला पुरेशी वीज मिळत नाहीये. लॅपटॉपला लोकल चार्जर लावला असेल तर हे हमखास दिसतं.

चौथी 'अप टाइम'. रोज संध्याकाळी पीसी बंद करूनही तिथे नऊ-दहा दिवस दिसतात आणि लोक चक्रावतात. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असलं की 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. 'रिस्टार्ट'ने मात्र सगळं खरंच नव्याने सुरू होतं. म्हणून काहीही खर्च करण्याआधी एकदा रिस्टार्ट मारून बघा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, आणि कुणी त्याचं बिल लावत नाही.

यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका. ते डिस्कची स्वतःची नोंदवही वाचून दाखवतं. निळ्या रंगात 'गुड' असेल तर ठीक. पिवळ्या रंगात 'कॉशन' असेल, म्हणजे 'रीअलोकेटेड' किंवा 'पेंडिंग' सेक्टरच्या (डिस्कवरच्या बिघडलेल्या किंवा संशयित जागांच्या) रांगेत शून्य सोडून दुसरा आकडा असेल, तर बाकी सगळी कामं बाजूला ठेवा आणि आधी डेटा काढा. अशा डिस्कवर क्लीनर, डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) वगैरे चालवणं म्हणजे तिला आणखी राबवणं.

कॅबिनेट उघडणं

आपल्याकडे कॅबिनेटलाच 'सीपीयू' म्हणतात, तर तो सीपीयू टेबलाखालून बाहेर काढा. यूपीएसची पिन उपसा, सगळ्या वायरी काढा (आधी मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो), आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला चार्ज निघून जातो. काम गॅलरीत किंवा जिन्यात करा. ऑफिसात ब्लोअर मारला तर धूळ शेजारच्या पीसीत जाईल आणि शिव्या तुम्हाला बसतील.

धूळही जागेप्रमाणे बदलते. छापखान्याजवळ कागदाचा बारीक भुसा असतो, तो पंख्याच्या पात्यांवर लोकरीसारखा बसतो आणि ब्रशने सुटतो. रस्त्यालगतच्या ऑफिसात सिमेंटची आणि मातीची धूळ, ती ब्लोअरने उडते. भोसरीच्या शॉपफ्लोअरजवळची धूळ वाईट: तिच्यात धातूचा कीस आणि तेलाचा अंश असतो, ती चिकटते आणि वीजही वाहून नेते. तिथला पीसी दर तीन महिन्यांनी उघडलाच पाहिजे. पेठेतल्या ऑफिसात वर्षातून दोनदा पुरे: एकदा पावसाळ्याआधी, मे महिन्यात, आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत.

ब्लोअर मारताना पंखा बोटाने किंवा पेन्सिलने धरून ठेवा. हवेने तो भलत्या वेगाने फिरला तर त्याची बेअरिंग जाते. एसएमपीएस, म्हणजे आतला पॉवर सप्लाय, बाहेरूनच फुंकायचा. त्याचा डबा उघडायचा नाही. पिन काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर दाब राहू शकतो. मदरबोर्डवरच्या उभ्या, गोल कपॅसिटरांवर एक नजर टाका. एखाद्याचं डोकं फुगलेलं असेल तर त्या मशिनवर यापुढे खर्च करू नका.

प्रोसेसर आणि त्याच्यावरचा कूलर यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट चार-पाच वर्षांत सुकून खडूसारखी होते. पीसी थोडा वेळ चालवून मग बंद केला तर पेस्ट मऊ होते आणि कूलर सहज सुटतो. इंटेलच्या कूलरला प्लॅस्टिकचे चार पाय असतात. प्रत्येकावर बाण असतो, त्या दिशेला फिरवून वर ओढायचा. एएमडीचा कूलर सरळ उपसू नका, आधी हलकेच डावी-उजवीकडे फिरवा. नाहीतर प्रोसेसरही सॉकेटमधून पिनांसकट वर येतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवी वाटाण्याएवढीच, मधोमध लावा. जास्त पेस्ट लावली म्हणून जास्त गार होत नाही. बसवताना समोरासमोरचे पाय जोडीने दाबा आणि 'टक्' आवाज ऐका.

रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने पुसण्याची पद्धत तशी चालते, पण रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. अल्कोहोल लावलेलं कापड जास्त चांगलं. पावसाळ्यात चार दिवसांच्या सुट्टीनंतर पीसी नुसताच बीप देतो आणि स्क्रीन काळी राहते, त्यामागे बहुतेक वेळा याच पट्ट्यांवरचा दमटपणा असतो.

उघडलंच आहे तर मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी बदलून टाका. नंबर सीआर२०३२, तीन व्होल्ट, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळते. ती संपली की मेन स्विच बंद केल्यावर तारीख मागे जाते. तारीख चुकली की ब्राउझर सुरक्षित साइट उघडायलाच नकार देतो, जीएसटी पोर्टल चालत नाही, डिजिटल सही फेटाळली जाते. नेटवाल्याला फोन, सीएला फोन, टोकनवाल्याला फोन, आणि दोष असतो पाच मिनिटांत बदलता येणाऱ्या सेलचा.

परत ठेवताना कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. वीतभर उंचीचा पाट किंवा स्टँड पुरतो. फरशी पुसताना पाणी जातं हे रोजचं कारण झालं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा अरण्येश्वर-सहकारनगर भागात तळमजल्यांत पाणी शिरलं होतं. तसल्या पुरापुढे पाट कामाचा नाही. सखल भागात ऑफिस असेल तर पावसाळ्यात बॅकअपची डिस्क तरी वरच्या मजल्यावर असू द्या.

एसएसडी: पैसे घालायचेत तर इथे

जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ७२०० वेळा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा फिरते. हव्या त्या जागी सुई पोचेपर्यंत सरासरी बारा-तेरा मिलिसेकंद जातात. ऐकायला हे कमी वाटतं. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली लागतात, त्या तबकडीवर इकडेतिकडे विखुरलेल्या असतात, आणि सुई एकच. एकच तलाठी आणि बाहेर सातबारासाठी रांग, असा प्रकार. एसएसडीत, म्हणजे चिपांवर डेटा साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नाही. कुठलीही फाइल साधारण एका मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात सापडते. म्हणूनच दहा वर्षांच्या पीसीतही एसएसडी टाकली की तीन-चार मिनिटांचं बूट अर्ध्या मिनिटाच्या आसपास येतं.

कोणती घ्यायची? एच६१, एच८१, बी८५ अशा जुन्या मदरबोर्डांवर एसएसडीसाठी वेगळा, आडवा एम.२ स्लॉट नसतो. तिथे अडीच इंची साटा (जुन्या हार्ड डिस्कच्याच केबलने जोडली जाणारी) एसएसडीच लागते. नव्या पद्धतीची पट्टीसारखी एसएसडी स्वस्त मिळाली म्हणून आणू नका, बसणार नाही. ऑफिसच्या कामाला २५० जीबीच्या आसपासची पुरते. डीटीपी किंवा स्कॅनचा पसारा असेल तर ५०० जीबीची. नावाजलेल्या कंपनीची, तीन किंवा पाच वर्षांच्या वॉरंटीची, आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घेतलेली. केबल, पंखे, एसएमपीएस यांसाठी बुधवार पेठेत तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या परिसरात खुशाल घासाघीस करा. एसएसडी मात्र बिलाशिवाय घेऊ नका. भलत्याच स्वस्तात 'दोन टीबी' म्हणून मिळणाऱ्या डिस्कांमध्ये आत बऱ्याचदा छोटीच चिप असते आणि वर खोटा आकडा. ती भरेपर्यंत ठीक चालते, मग आधीच्या फाइलींवरच लिहीत सुटते.

मग क्लोन करायचं (जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत एसएसडीवर उतरवायची) की विंडोज नव्याने टाकायचं? माझं मत: मशीन नीट चालत होतं, फक्त हळू होतं, आणि त्यात परत मिळणार नाही असं सॉफ्टवेअर आहे, तर क्लोन. व्हायरस, दोन-दोन अँटिव्हायरस, अर्धवट काढलेली सॉफ्टवेअरं असा गाळ साचलाय, तर नव्याने. आणि विंडोज ३२-बिट असेल तर नव्याने टाकण्यावाचून इलाजच नाही. त्यात चार जीबी रॅममधलीही तीन-साडेतीनच वापरात येते, आणि टॅलीप्राइमला ६४-बिट विंडोजच लागतं.

क्लोनची पद्धत अशी:

१. जुन्या डिस्कवरचा वापर एसएसडीच्या आकाराच्या ७५-८० टक्क्यांच्या आत आणा. ५०० जीबीची डिस्क २५० च्या एसएसडीवर उतरते, पण डेटा मावला पाहिजे.

२. एसएसडी दुसऱ्या साटा केबलने किंवा यूएसबी अडॅप्टरने जोडा. बऱ्याच नावाजलेल्या कंपन्या आपल्या एसएसडीसाठी क्लोनचं सॉफ्टवेअर मोफत देतात, ते वापरा. स्रोत कोणता आणि लक्ष्य कोणतं हे दोनदा वाचा. इथे उलटं झालं तर जुन्या डिस्कवरचं सगळं पुसलं जातं.

३. क्लोन झाल्यावर पीसी बंद करून जुनी डिस्क पूर्ण काढा आणि एकट्या एसएसडीवर चालू करून बघा. पहिल्याच वेळी दोन्ही जोडून ठेवल्या तर विंडोज दोन सारख्या डिस्कांमध्ये गोंधळतं.

४. सगळं नीट चाललं तरी जुनी डिस्क महिनाभर तशीच कपाटात ठेवा. काहीतरी राहिलेलं नंतर आठवतंच.

नव्याने टाकणार असाल तर आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) साटाचा मोड बघा. जुन्या बोर्डांवर तो 'आयडीई' ठेवलेला सापडतो, तो 'एएचसीआय' करा आणि मगच विंडोज टाका. नंतर बदलला तर निळी स्क्रीन येते. विंडोज १० चा डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे तीच आवृत्ती टाकली की नेट लावल्यावर तो आपोआप चालू होतो. एसएसडीला डीफ्रॅग लागत नाही. विंडोजमधलं 'ऑप्टिमाइझ ड्राइव्हज' चालू राहू द्या, ते एसएसडी ओळखून वेगळं, योग्य काम करतं.

रॅम

आठ जीबी पुरते. चार जीबीवर ब्राउझर आणि टॅली एकत्र चालवणं आता छळ आहे. डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकींच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत, खाच वेगळ्या जागी असते. दुकानात जाताना जुनी पट्टी काढून सोबत न्या. शक्य असेल तर चारच्या दोन पट्ट्या लावा, जोडीने त्या थोड्या वेगाने चालतात. डीडीआर३ आता बहुतेक जुनीच मिळते, तेव्हा लावल्यावर रात्रभर विंडोजची मेमरी तपासणी चालवा.

विंडोजची आवराआवर

टास्क मॅनेजरमधल्या 'स्टार्टअप' टॅबवर जा आणि अँटिव्हायरस, टोकनचा ड्रायव्हर, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर सोडून बाकी सगळं बंद करा. प्रिंटर कंपन्यांचे 'असिस्टंट', मीटिंगची अॅपं, टॉरेंट (हो, ऑफिसातही सापडतो) यांना सकाळी उठून बसायचं काही कारण नाही. सेटिंग्जमधलं 'स्टोरेज सेन्स' चालू करा. ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शनची यादी उघडून ओळखीची नसलेली सगळी काढा, आणि सूचना पाठवायची परवानगी दिलेल्या साइटही. "व्हायरस आलाय" म्हणून कोपऱ्यात उड्या मारणाऱ्या चौकटी बहुतेक तिथूनच येतात.

अँटिव्हायरस एकच हवा. क्विक हील आपल्या पुण्याचंच, कैलास काटकर यांच्या दुरुस्तीच्या दुकानातून उभं राहिलेलं, त्यामुळे इथल्या ऑफिसांत ते असतंच. हरकत नाही, पण शेजारी दुसरा मोफतचा नको. दोघं एकच फाइल एकमेकांच्या पाठोपाठ तपासत बसतात. वर्गणी संपलेला अँटिव्हायरस ठेवण्यापेक्षा तो काढून विंडोजचा स्वतःचा डिफेंडर चालू ठेवणं शहाणपणाचं.

रजिस्ट्री क्लीनर, 'पीसी बूस्टर', ड्रायव्हर अपडेटर यांतलं काहीही टाकू नका. वेग वाढत नाही, आणि कधी कधी तीच मंडळी घाण घेऊन येतात.

टॅली एकट्या मशिनवर पळतं, नेटवर्कवर रखडतं

ही तक्रार वेगळी आहे आणि एसएसडी टाकून ती पूर्ण सुटत नाही. टॅलीचा डेटा एका मशिनवर आणि बाकीचे चार जण नेटवर्कवरून वाचताहेत, अशी मांडणी असते. मधला नेटवर्क स्विच (सगळ्या पीसींच्या केबली जिथे एकत्र येतात तो डबा) दहा वर्षांपूर्वीचा १०० एमबीपीएसचा असेल तर तोच गळा आवळतो. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग बघा. १०० दिसत असेल तर गिगाबिट स्विच घ्या, फार महाग नसतो. स्विच बदलूनही १०० च राहिला तर केबल तपासा. जुन्या कामांत आठपैकी चारच तारा जोडलेल्या सापडतात. डेटा ज्या मशिनवर आहे तिथे एसएसडी पहिली बसली पाहिजे, मालकाच्या केबिनमधल्या पीसीत नव्हे. वायफायवरून टॅलीचा डेटा उघडू नका. मध्येच जोडणी तुटली तर डेटा बिघडतो.

वीज

जुन्या वाड्यांतल्या ऑफिसांत थ्री-पिन सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे तार नसते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर हेच कारण. वायरमनकडून मल्टिमीटरने मोजून घ्या: फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० च्या आसपास, फेज आणि अर्थिंग यांच्यात साधारण तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात फार तर दोन-तीन व्होल्ट. यात घोळ असेल तर आधी अर्थिंग करा. नाहीतर नव्या एसएसडीचाही बळी जाईल.

यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांची सोबतीण. ती उष्णतेला भिते. तापमान कायम दहा अंशांनी जास्त राहिलं तर तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला जातो, तेव्हा यूपीएस खिडकीच्या उन्हात किंवा बंद खणात ठेवू नका. दर तीन महिन्यांनी सगळ्या फाइली बंद करून मेन स्विच पाडा आणि पीसी पाच मिनिटं टिकतो का बघा. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावायचा नाही, तापताना तो एकदम इतका करंट ओढतो की यूपीएस मान टाकतो.

विंडोज १० नंतर काय

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, आणि संस्थांसाठी पैसे भरून ऑक्टोबर २०२८ पर्यंत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. सातव्या पिढीचा आय-सेव्हन कितीही तगडा असो, मोजके अपवाद सोडले तर यादीत नाही. आठव्या पिढीचं मशीन असून 'चालणार नाही' असा संदेश येत असेल तर बायोसमध्ये 'पीटीटी' (इंटेलची टीपीएमची सोय) बंद आहे का बघा, बऱ्याचदा एवढंच असतं. अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत. घरी करा, पण हिशेबाच्या मशिनवर करू नका. पुढचं मोठं अपडेट येईलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

म्हणून मशिनं वाटून घ्या. बँक, जीएसटी आणि सही ज्यावर चालते ते मशीन विंडोज ११ ला पात्रच हवं. नवं घ्यायचं असेल तर पहिलं तिथे. नुसतं ब्राउझर, मेल आणि पत्रं टाइप करायची असतील तर लिनक्स मिंट या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीची एक्सएफसीई आवृत्ती चार जीबीवरही बरी चालते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पेनड्राइव्हवरून, काहीही न बसवता ती चालवून बघता येते, तेव्हा प्रिंटर आणि मराठी कीबोर्ड चालतो का तेही तपासा. टॅली मात्र तिच्यावर थेट चालत नाही. आणि डीटीपीवाल्यांकडचा विंडोज एक्सपीवाला पीसी, पेजमेकर आणि डोंगलवर चालणारं मराठी टायपिंगचं जुनं श्रीलिपी घेऊन बसलेला? त्याची नेटची केबल कायमची काढा, फाइली एकाच राखीव पेनड्राइव्हने ने-आण करा, आणि तो पेनड्राइव्ह दर वेळी दुसऱ्या मशिनवर तपासा. विंडोज ७ वर क्रोम २०२३ मध्ये १०९ व्या आवृत्तीवरच थांबलं, त्यामुळे त्यावर बँकेची साइट उघडण्याचा हट्ट सोडा.

कधी सोडून द्यायचं

मदरबोर्डचे कपॅसिटर फुगले, कारण नसताना पीसी रिस्टार्ट होतो आणि एसएमपीएस बदलूनही थांबत नाही, किंवा एसएसडी, रॅम, एसएमपीएस मिळून होणारा खर्च चांगल्या सेकंडहँड आठव्या पिढीच्या मशिनच्या निम्म्यावर जातो: यांतलं एक झालं तरी पुरे. लॅपटॉपची बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर तो चार्जिंगला लावू नका, आजच बॅटरी काढून घ्या.

जुनं मशीन भंगारवाल्याला देण्याआधी डिस्क बाहेर काढा. क्लायंटचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट सगळं त्यात असतं, आणि 'फॉरमॅट मारला' म्हणजे ते गेलं असं नाही. साध्या सॉफ्टवेअरने परत येतं. फिरती डिस्क चालू असेल तर विंडोजच्या डिस्कपार्टमधली 'क्लीन ऑल' ही आज्ञा तिच्यावर सगळीकडे शून्यं लिहिते. ५०० जीबीला दीड-दोन तास लागतात. डिस्कचा नंबर नीट बघून निवडा, कारण ही आज्ञा परत विचारत नाही. डिस्क बंद पडलेली असेल तर ड्रिलने तबकडीतून दोन-तीन आरपार भोकं पाडा. एसएसडीला भोकाचा भरवसा नाही, डेटाची चिप भोकाच्या बाजूलाच शाबूत राहू शकते. तिच्यासाठी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं 'सिक्युअर इरेझ' वापरा. उरलेलं धूड नोंदणीकृत ई-कचरा घेणाऱ्याला द्या, नाहीतर 'स्वच्छ' संस्थेच्या ई-कचरा संकलनात; १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे मोठ्या प्रमाणात वापरणाऱ्या संस्थांना तर नोंदणीकृत ठिकाणीच देणं बंधनकारक आहे. पावती मिळाली की वहीतल्या त्या मशिनच्या पानाला टाचून ठेवा.